पत्रा, कुलूप आणि खुर्ची

मुळशी तालुक्यात फर्निचरचे दोन काळ आजही शेजारी शेजारी नांदतात. पौड, कोळवण, माले या बाजूच्या जुन्या घरांत माजघराच्या भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट उभं असतं. आत पैठणी, सातबारा, सोन्याची डबी, पोरांची मार्कलिस्ट. दारावर आरसा, आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या टिकल्या. बरेचदा ते घरच्या सुनेबरोबर लग्नात आलेलं असतं. याच तालुक्याच्या पुण्याकडच्या टोकाला हिंजवडी आणि माण. तिथल्या आयटी कंपन्यांच्या मजल्यांवर कपाट जवळपास नाहीच. आहेत त्या ओळीने मांडलेल्या फिरत्या खुर्च्या आणि अरुंद, सरळ टेबलं. या दोन्ही वस्तू अनेकदा एकाच कारखान्यातून आलेल्या असतात. माजघरातल्या कपाटापासून हिंजवडीतल्या खुर्चीपर्यंत तो कारखाना कसा पोहोचला, ही मला आपल्या उद्योगाच्या इतिहासातली फार शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

कारखाना अर्थातच गोदरेजचा. अर्देशीर बर्जोरजी गोदरेज हे शिक्षणाने वकील. १८९४ मध्ये ते एका खटल्यासाठी झांजिबारला गेले. ज्याची खात्री नाही ते कोर्टात सत्य म्हणून मांडणार नाही, यावर ते अडून बसले आणि वकिली तिथेच सुटली. मुंबईत परतून त्यांनी मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला सुरुवात केली. हत्यारं उत्तम झाली. पण त्यांवर 'भारतात बनवलेलं' असा शिक्का उमटवायला गिऱ्हाईक तयार होईना आणि अर्देशीर शिक्का सोडायला तयार होईनात. धंदा बसला. त्यानंतर १८९७ मध्ये लालबागला, गॅस कंपनीजवळच्या एका लहानशा शेडमध्ये, त्यांनी कुलपं बनवायला घेतली. पुढे बॉइस नावाचा भागीदार आला आणि लवकरच बाहेरही पडला, पण कंपनीच्या नावात तो कायमचा राहिला.

कुलूप ही सुरुवात होती हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. कुलूप बनवणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्याच लागतात: धातूचा तुकडा केसभरही फरक न पडता कापणं, आणि एकाला एक जुळणारे शेकडो भाग बनवणं. या दोन गोष्टी हाताला आल्या की कुलपाभोवतीची पेटीही करता येते. १९०२ मध्ये तिजोऱ्या सुरू झाल्या. चोराइतकीच आगही तिजोरीची शत्रू असते, म्हणून तिच्या भिंती दुहेरी करून मध्ये उष्णता अडवणारा भराव घालावा लागतो. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या धरमतल्ल्यात मोठी आग लागली, १९४४ मध्ये मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. दोन्ही वेळा गोदरेजच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले. तेवढी जाहिरात पैशाने विकत मिळाली नसती.

तिजोरीपासून कपाट एकाच पावलावर होतं. ते पाऊल कंपनीने १९२३ मध्ये टाकलं. आज आपल्याला लोखंडी कपाटात काही नवल वाटत नाही, पण तेव्हाच्या घराची कल्पना करा. कपडे खुंटीवर किंवा पेटाऱ्यात, भांडीकुंडी फडताळात, दिवा कोनाड्यात, मौल्यवान ते सगळं देवघरामागच्या लाकडी पेटीत. लाकडाला वाळवी लागायची. पावसाळ्यात दारं फुगून अडकायची. मुळशीसारख्या घाटमाथ्याच्या पावसात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सागवान महाग, आणि चांगला सुतार आठवडेच्या आठवडे घरी बसवून ठेवणं मध्यमवर्गाला परवडणारं नव्हतं.

पत्र्याच्या कपाटातली खुबी अशी. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, किंबहुना त्याहून कमीच. तसाच उभा केला तर तो हेलकावे खाईल. पण कडा काटकोनात दुमडल्या, पुन्हा आत वळवल्या, की तोच पत्रा ताठ होतो. पोस्टकार्डाला मधोमध घडी घातली की ते टेबलावर उभं राहतं, तसं. म्हणून कपाटाची ताकद जाडीत नसते, घड्यांमध्ये असते. प्रेसवर घड्या पाडायच्या, जोडांवर स्पॉट वेल्डिंग मारायचं, दारात आतून पट्टी घालायची. हँडल फिरवलं की वर, खाली आणि बाजूला दांडे सरकून दार तीन ठिकाणी पकडलं जातं. हा शेवटचा भाग सरळ तिजोरीतून उचललेला आहे. गृहिणीच्या साड्यांना बँकेच्या तिजोरीची युक्ती मिळाली, आणि माझ्या मते या कपाटाच्या यशाचं मूळ नेमकं इथे आहे. रंगरूप साधंच होतं. माणसाला हवी होती ती बंद दाराची खात्री.

त्या वर्षांत इकडे मुळशीत काय चाललं होतं तेही पाहायला हवं. निळा आणि मुळा यांच्या संगमावर टाटांचं धरण येणार होतं आणि पन्नासहून अधिक गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला मुळशी सत्याग्रह, त्यातले सेनापती बापट, त्यांचा कारावास हे मराठी वाचकाला माहीत आहे. धरण झालं, १९२७ पासून ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागलं आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज मिळाली. पत्रा वाकवणारी यंत्रं असोत की गिरणीचे माग, मुंबईच्या त्या सगळ्या उद्योगविस्तारामागे मावळातल्या बुडालेल्या भातखाचरांचा हिशेब आहे. त्याच १९२१ मध्ये अर्देशीर गोदरेजांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. स्वदेशी उद्योग आणि स्वदेशी शेतकरी यांची गाठ तेव्हा नीट बसली नव्हती, आणि ती अजूनही बसलेली नाही असं मला वाटतं. कारखान्याच्या कर्तबगारीचं कौतुक करताना हा हिशेब पुसू नये.

अर्देशीर १९३६ मध्ये गेले. कारभार त्यांचे धाकटे भाऊ पिरोजशा यांनी वाढवला. १९३२ मध्ये कंपनी मर्यादित झाली होती, आणि १९४३ मध्ये पिरोजशांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन लिलावात घेतली. लालबागची जागा पुरेनाशी झाली होती. विक्रोळीला कारखाना, कामगारांची वसाहत, शाळा यांना जागा मिळाली आणि खाडीकाठची तिवरंही टिकली. त्या काळात लोखंडी फर्निचर करणारे ते एकटेच नव्हते. नांगर आणि पंपांसाठी ओळखल्या जाणाऱ्या किर्लोस्करवाडीतूनही लोखंडी खुर्च्या-टेबलं निघत.

मग आली ती या कारखान्याच्या आयुष्यातली मोठी परीक्षा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवायची होती. बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. पेटीवर उमेदवाराचं चिन्ह चिकटवायचं आणि मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे एकेका मतदान केंद्राला पेट्यांचा ढीग लागणार होता. देशभर मिळून वीस लाखांहून जास्त पोलादी पेट्या लागल्या, आणि त्यांतल्या बारा लाखांहून अधिक काही महिन्यांत एकट्या विक्रोळीतून निघाल्या.

भाव पेटीमागे पाच रुपये ठरलेला. त्यात बाहेरून लावायचं कुलूप बसवलं तर खर्च हाताबाहेर जात होता. तेव्हा कारखान्यातल्याच एका कामगाराने तोड काढली: कुलूप बाहेर नकोच, पेटीच्या आतच झाकण अडकवणारी खिट्टी असू द्यावी. पेटी बंद केली की ती आतून पकडली जाते, आणि उघडायची युक्ती माहीत असल्याशिवाय झाकण निघत नाही. पत्र्याच्या घडीची आणि कुलपाच्या जिभेची पन्नासेक वर्षांची सवय ज्या शेडमध्ये होती, तिथेच हे सुचू शकत होतं. नव्या देशाची लोकशाही कपाटाच्या कारागिरांनी पेटीत जपली, हे वाक्य मी पूर्ण अभिमानाने लिहितो. शाळेच्या पुस्तकात निवडणूक आयोगाबरोबर या शेडचंही नाव यायला हवं.

पुढची चाळीस वर्षं एका अर्थाने सोपी आणि एका अर्थाने कठीण होती. सोपी अशी, की सरकारी कचेऱ्या, बँका, शाळा, एलआयसी, एसटी महामंडळ सगळीकडे कपाट, फायलींचा रॅक आणि चार खणांचं टेबल हवंच होतं. राखाडी किंवा हिरवट रंगाचं ते फर्निचर म्हणजे त्या काळच्या कारभाराचा चेहरा. कठीण अशी, की पोलादाचा भाव आणि वाटप सरकारच्या हातात होतं. किती कपाटं विकली जातील यापेक्षा किती पत्रा मिळेल यावर उत्पादन ठरायचं. कपाटासाठी नाव नोंदवून वाट पाहणारी घरं आपल्याकडे होती. ज्यांना ते परवडायचं नाही, त्यांच्यासाठी गावोगावच्या छोट्या वर्कशॉपांनी तशाच घडणीची कपाटं बनवली. पत्रा हलका, लॉक साधं, पण आरसा मोठा. ही नक्कल मला कधी तुच्छ वाटली नाही. वेल्डिंग, कटिंग आणि रंगकाम शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली कितीतरी तरुण मुलं या वर्कशॉपांतून तयार झाली.

१९५५ मध्ये याच कंपनीने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. तो फर्निचर नव्हे, पण फर्निचरच्या कहाणीत त्याला जागा आहे, कारण टंकलेखकाचं टेबल, त्याची बिनहाताची खुर्ची, कागदांच्या प्रतींसाठीचे रॅक हे सगळं त्या यंत्राभोवती रचलं गेलं. २००९ मध्ये टाइपरायटरचं उत्पादन थांबलं आणि पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिरवळमधला तो विभाग फ्रिज बनवण्याकडे वळवला गेला. एक यंत्र गेलं की त्याच्याबरोबर टेबलाची उंची, खणाचं माप, खोलीची मांडणी सगळंच जातं. हे हिंजवडीत फार स्पष्ट दिसतं.

१९९१-९२ मध्ये एकदम बांध फुटला. जानेवारी १९९२ मध्ये पोलादाचे भाव आणि वाटप नियंत्रणमुक्त झालं. पत्रा कुणालाही मिळू लागला, आणि परदेशी मालही येऊ लागला. त्याच दशकात एका टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीने लोखंडी घडीची खुर्ची मांडवांतून हद्दपार केली. पॉलिप्रॉपिलीन वितळवून साच्यात दाबायचं, थोड्याच वेळात पूर्ण खुर्ची बाहेर. ना जोड, ना स्क्रू, ना गंज, आणि एकावर एक रचली की टेम्पोत पन्नास मावतात. नीलकमलसारख्या कंपन्या यातूनच मोठ्या झाल्या. दुसऱ्या टोकाला भुश्याच्या दाबलेल्या फळ्या आल्या, लाकडासारखा कागद चिकटवलेल्या, कपाटापेक्षा दिसायला कितीतरी देखण्या. पत्र्याची सद्दी संपली असं तेव्हा म्हणणं चूक ठरलं नसतं.

कारखान्याने तेव्हा जे बदल केले त्यांतला पहिला फारसा कुणाच्या लक्षात येत नाही: कपाट सुटं करणं. जोडलेलं कपाट ट्रकमध्ये भरलं तर ट्रक बहुतेक हवाच वाहून नेतो. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमध्ये तर जिन्यावरून कपाट चढायचंच नाही. दोर बांधून सज्जातून वर ओढावं लागे, आणि बघायला अख्खी आळी जमे. बाजू, पाठ, दारं, फळ्या वेगळ्या बांधून घरी जोडायच्या ठरल्या की हे दोन्ही प्रश्न सुटतात. पण त्यासाठी प्रत्येक भोक इतकं बिनचूक पडावं लागतं, की विक्रोळीत बनलेली बाजू लातूरमध्ये वेगळ्या दिवशी बनलेल्या फळीला जुळली पाहिजे. कुलूपवाल्याची ती जुनी शिस्त इथे पुन्हा उपयोगी पडली. रंगाचंही तसंच. फवारलेल्या ओल्या रंगाऐवजी पावडर कोटिंग आलं: पत्रा आधी रसायनांच्या टाक्यांतून धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर बसवायचा, मग विद्युतभारित कोरडी पावडर उडवायची, ती पत्र्याला चिकटते, आणि दोनशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत वितळून एकसंध थर होतो. हवेत द्रावकांची वाफ जात नाही, खाली पडलेली पावडर पुन्हा वापरता येते, आणि मुळशीच्या पावसात गंज बराच लांबतो.

दुसरा बदल खरा अवघड होता, कारण तिथे कुलपाचं कसब कामाला आलं नाही. कचेरीतलं काम आता वस्तू सांभाळण्याचं राहिलं नव्हतं. ते तासन् तास बसण्याचं झालं होतं. हिंजवडीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं, शेतं गेली, इमारती आल्या, आणि एकेका मजल्यावर शेकडो माणसं संगणकापुढे बसू लागली. फर्निचरवाल्याला आता पत्र्याऐवजी माणसाची पाठ समजून घ्यायची होती.

या मजल्यांचा इतिहास टेबलांच्या आकारावरून वाचता येतो. सुरुवातीचे संगणकाचे पडदे म्हणजे अवजड खोके. मागे दीड फूट खोली लागायची. म्हणून टेबल काटकोनी, पडदा कोपऱ्यात, चारी बाजूंनी कापड लावलेल्या भिंती. पडदे सपाट झाले आणि कोपऱ्याची गरजच संपली. टेबलं सरळ आणि अरुंद झाली, भिंती उतरल्या, त्याच मजल्यावर जास्त माणसं बसू लागली. फायली गेल्या तसं कपाटही गेलं. उरला टेबलाखालचा तीन खणांचा चाकं लावलेला ठोकळा. लॅपटॉप आले आणि कुणाचं टेबल कोणतं हेही ठरेनासं झालं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कारखान्याला साचे बदलावे लागले, आणि साचा बदलणं म्हणजे लाखो रुपयांचं पोलाद मोडीत काढणं.

खुर्चीची गोष्ट मात्र निव्वळ साच्याची नाही. जुनी कचेरीची खुर्ची चार पायांची, बसण्याची जागा वेताची, उंची एकच. फिरत्या खुर्चीला पाच पाय दिले जातात, कारण चार पायांवर तिरकं रेललं तर ती कलंडण्याचा धोका जास्त. उंची वरखाली करायला दाबलेल्या वायूची नळी, पाठ आणि बैठक ठरावीक प्रमाणात एकत्र कलणारी यंत्रणा, कमरेच्या बाकाला टेकू. हे सगळं परदेशात आधीच सिद्ध झालेलं होतं, आणि आपल्या बऱ्याच कारखान्यांनी ते मापांसकट उचललं. चूक तिथे झाली. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचं अंतर भारतीय माणसात सरासरी कमी असतं, बायकांमध्ये आणखी कमी. खुर्ची उंच राहिली की पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते, रक्त अडतं, पायाला मुंग्या येतात. मग माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीचा तो महागडा टेकू मागेच राहतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. तेव्हा कुठे आपल्या डिझाइनरांच्या हाती आपली मापं आली. अन्नधान्याच्या आकडेवारीइतकीच ही आकडेवारी मोलाची आहे असं मी मानतो. खाल्लेला घास अंगी लागायला हवा, पण दिवसाचे नऊ तास बसायची जागा अंगाला लागू नये.

या शतकाच्या पहिल्या दशकात गोदरेजने फर्निचरचा व्यवसाय 'इंटेरिओ' या नावाखाली आणला. विक्रोळीबरोबरच खालापूर, शिरवळ, उत्तराखंडात हरिद्वार अशा ठिकाणी काम विखुरलं. मग २०२० ची टाळेबंदी आली आणि हिंजवडीचे मजले रातोरात रिकामे झाले. माणसं घरी, जेवणाच्या टेबलाशी, दिवाणावर, उशा रचून बसली. महिन्याभरात पाठी बोलू लागल्या आणि कचेरीच्या खुर्चीला घरून मागणी सुरू झाली. सहज न्याहाळलं तर लक्षात येईल, की ज्या घरात एकेकाळी कपाट हे सर्वांत महाग लोखंडी सामान होतं, तिथे आता ती जागा खुर्चीने घेतली आहे. २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबात वाटणी झाली आणि गोदरेज अँड बॉइस जमशेद गोदरेज यांच्या शाखेकडे राहिली.

एका गोष्टीची मला खंत आहे आणि ती इथे सांगायलाच हवी. पन्नास वर्षांपूर्वीचं कपाट आजही चालतं. बिजागरी झिजली तर वेल्डर बदलतो, किल्ली हरवली तर चावीवाला लॉक खोलतो, रंग उडाला तर दिवाळीला पुन्हा मारतो. खुर्चीचं तसं नाही. वायूची नळी बसली किंवा एक चाक तुटलं की बहुतेक कचेऱ्या अख्खी खुर्ची भंगारात टाकतात, आणि दाबलेल्या फळीचं टेबल ओल लागून फुगलं की ते भंगारवालाही घेत नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये कामाच्या खुर्च्या, टेबलं, कपाटं यांसाठी वेगवेगळी मानकं काढली. त्यांत मजबुती, तोल, टिकाऊपणा यांच्या चाचण्या आहेत, आणि ते स्वागतार्ह आहे. पण मजबुतीबरोबर दुरुस्तीही मोजली गेली पाहिजे. नळी, चाकं, हातांचे पॅड यांचे जोड सगळ्या कंपन्यांनी एकाच मापाचे ठेवले आणि सुटे भाग निदान दहा वर्षं मिळत राहतील असं बांधून घेतलं, तर पिरंगुट-भूगाव रस्त्यावर दहा बाय दहाच्या गाळ्यात बसलेला मेकॅनिक हिंजवडीच्या हजारो खुर्च्या वर्षानुवर्षं चालत्या ठेवील. एकमेकांना बिनचूक जुळणारे भाग बनवणं हे तर या कारखान्याचं १८९७ पासूनचं काम आहे. ते त्याने आता दुसऱ्याच्या हातातल्या पान्यासाठी करावं.